कुत्रा कुणाचा, ते आधी लिहून घ्या

प्रति,
मा. महापौर, मा. आयुक्त आणि सर्व 48 प्रभागांचे पार्षद,
नगर निगम, बऱ्हाणपूर (मध्य प्रदेश)



मोकाट कुत्र्यांविषयी बोलणाऱ्यांची आपल्या शहरात वाण नाही. मंगळवारच्या जनसुनवाईपासून सीएम हेल्पलाइनच्या 181 पर्यंत तो विषय निघतो, आणि गल्लीतल्या ओट्यावर तर रोजच. माझं पत्र मात्र त्यांच्याविषयी नाही, निदान आधी तरी नाही. ज्या कुत्र्याला घर आहे, भाकरी आहे, हाक मारायला नाव आहे आणि चावल्यावर मात्र मालक नाही, त्याच्याबद्दल मला आपल्याशी बोलायचं आहे.

असे कुत्रे आपल्याकडे तऱ्हेतऱ्हेचे. नव्या कॉलनीत फाटकाआड बांधलेला रॉटवायलर सगळ्यांना दिसतो, कारण तो महाग असतो आणि मालकाला तो दाखवायचाच असतो. यंत्रमागाच्या कारखान्यावर राखणीला ठेवलेला दिसत नाही. रात्रपाळी सुटली, की सायकलीवरच्या कामगाराला तो कळतो. केळीच्या बागेत डुकरं हाकलायला ठेवलेला असतो, तो बागेसोबत रस्त्याचीही राखण करतो. आणि जुन्या शहरात, शनवारा-इतवाऱ्यापासून राजपुऱ्यापर्यंतच्या अरुंद गल्ल्यांत, ओट्याखाली पडून राहणारा तर घरोघरी. सकाळी एका घरची पोळी, दुपारी दुसऱ्या घरचा भात. रात्री कुणी अनोळखी आला की भुंकावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. धोब्याचा कुत्रा घरचा ना घाटचा, अशी म्हण आहे. आमच्याकडचा दोन्हीकडचा आहे: जेवायला घरचा, चावल्यावर नागझिरी घाटाचा.

कायदा नाही असं नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 291 आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून कुणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे नवंही नाही. जुन्या दंडसंहितेत हेच कलम 289 होतं, दंड तेवढा हजाराचा. इंग्रजांच्या 1860 सालापासून कायदा सांगतोय की जनावर तुमचं तर जबाबदारी तुमची. पण जनावर त्याच माणसाचं होतं हे आधी दाखवावं लागतं, आणि ठाण्यात गाडी नेमकी तिथे अडते. "आम्ही फक्त भाकरी टाकतो साहेब, कुत्रा गल्लीचा आहे." यापुढे कुणी काय लिहून घेणार?

फाटकावर 'कुत्र्यापासून सावधान' अशी पाटी लावली की आपण मोकळे, असा समज आहे. मला तर ती पाटी कबुलीजबाबासारखी वाटते. कुत्रा अंगावर येतो हे मालकाला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून त्याने पाटी रंगवण्यापलीकडे काही केलं नाही, असाही तिचा अर्थ निघतो.

मालक कोण, हा प्रश्न दंडापुरता असता तर मी एवढं लांबण लावलं नसतं. तो जिवाचा आहे. कुत्रा चावल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, मिरची-चुना-हळद काही लावायचं नाही आणि थेट जिल्हा रुग्णालय गाठायचं, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. लसीच्या मात्रा ठरलेल्या असतात. चावा खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. पण डॉक्टर आणखी एक प्रश्न विचारतात: कुत्रा कुठे आहे? चावलेला कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवता आला आणि त्या दहा दिवसांत तो ठणठणीत राहिला, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता, असं समजतात. उपचार त्यासाठी थांबवायचे नसतात, ते लगेच सुरू करायचे असतात. तरी ज्या आईच्या लेकराला चावा झालाय तिच्यासाठी त्या दहा दिवसांचं मोल फार मोठं आहे. आता कुत्रा कुणाचाच नसेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवणार कोण? त्याला लस टोचली होती की नाही, हे सांगणार कोण? रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळजवळ कुणी वाचत नाही. जगात रेबीजने जे मरतात त्यांतले सुमारे 36 टक्के भारतातले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे 2024 मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या 37 लाखांवर नोंदी झाल्या.

म्हणून माझं मागणं एकच आहे. कुत्र्याची जात पाहण्याआधी त्याचा मालक लिहून घ्या.

जातीचं मुद्दाम काढतो, कारण या विषयावर कुठेही बैठक बसली की पहिली मागणी पिटबुलवर बंदीची येते. ती का येते ते समजतं. जुलै 2022 मध्ये लखनौत घरच्याच पिटबुलने 82 वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचा जीव घेतला. त्यानंतर गाझियाबादने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो या तीन जातींची नोंदणी बंद केली. ऑगस्ट 2024 मध्ये गोव्यात, हणजुण्याला, सात वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात गेला. पुढच्या वर्षी तिथल्या विधानसभेने हिंस्र जातींविषयी, नुकसानभरपाईच्या तरतुदीसह, कायदा संमत केला. हे कुत्रे मोठ्या जबड्याचे आहेत आणि एकदा धरलं की सोडत नाहीत. गल्लीतल्या कुत्र्याचा चावा आणि यांचा चावा एका मापाने मोजता येणार नाही, हे मला मान्य आहे.

पण यादीचं काय होतं तेही पाहा. 12 मार्च 2024 ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र धाडलं. 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री बंद करा, आधीच घरात असलेल्यांची नसबंदी करा. पत्रात रॉटवायलर होता, मॅस्टिफ होता, नुसतं 'टेरियर' असंही होतं. 'टेरियर' म्हटलं की त्यात उंदीर पकडणारे, मांडीवर मावणारेही येतात. महिनाभरात, 10 एप्रिलला, कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना विचारलंच नव्हतं, हे त्यामागचं मोठं कारण. त्याच महिन्यात केंद्राने दिल्ली उच्च न्यायालयात ते मागे घेत असल्याचं सांगितलं आणि मग मे महिन्यात लोकांची मतं मागवली. उलट्या क्रमाने केलेलं काम. ब्रिटनमध्ये 1991 चा धोकादायक कुत्र्यांचा कायदा आहे, चार जातींची नावं घालून केलेला. तीस वर्षांनी तिथे एक्सएल बुली नावाचा त्या यादीत नसलेला दांडगा कुत्रा माणसं मारू लागला, आणि 2023 अखेर सरकारला तो यादीत घालावा लागला. पैदास करणारे यादी वाचूनच पुढची जात काढतात. आपल्याकडे तर कागदपत्रं नसलेला, अर्धा हा अर्धा तो असा संकर विकला जातो. तो पिटबुल आहे की नाही, हे निगमचा कर्मचारी फाटकाबाहेर उभा राहून कसं ठरवणार?

बऱ्हाणपुरात बंदी आली तर काय होईल, तेही मी सांगतो. इच्छापूर रोडने पुढे महाराष्ट्राची हद्द लागते, रावेर काही लांब नाही. दंडाच्या भीतीने रात्री गाडीत घालून कुत्रा हद्दीपलीकडे नाहीतर हायवेला सोडून यायचा, आणि नियमाने ज्याला धोकादायक ठरवलं तोच उपाशी, बिथरलेला, मालक नसलेला होऊन दुसऱ्याच्या पोराच्या वाटेत यायचा. जनावर असं सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत हल्ली मावा जिलेबीसुद्धा पोटभर होत नाही.

तेव्हा यादी करायचीच असेल तर शहरातल्या कुत्र्यांची करा. पाळीव जनावरांच्या नोंदणीची तरतूद राज्यात कागदावर आहेच. ती गल्लीपर्यंत आणणं आपल्या हाती आहे. त्यासाठी नवी सर्वेक्षण कंपनी नेमू नका. निगमची कचरागाडी रोज दारावर येते. कुठल्या घरी कुत्रा आहे, कुठला बांधलेला असतो, कुठला पायरीवरून उडी घालतो, हे त्या गाडीवरच्या माणसाला जेवढं ठाऊक आहे तेवढं कुणालाच नाही, कारण पहिली झडप त्याच्यावरच पडते. त्याच्याखालोखाल मीटर वाचणारा, सिलिंडरवाला, पोस्टमन आणि आशाताई. दोन आठवडे कचरागाडीबरोबर एक कोरी वही फिरवा. प्रभागाप्रमाणे आकडा हाती येईल, तोही फुकटात.

शुल्क कमी ठेवा. जास्त ठेवलंत तर लोक कुत्रा लपवतील. नसबंदी आणि लस झालेल्याला नाममात्र, न झालेल्याला जास्त. कॅनडातल्या कॅल्गरी शहरात जातीवर बंदी नाही, पण परवान्याचं शुल्क असंच नसबंदी पाहून ठरतं, आणि हल्ला करणाऱ्या कुत्र्यासाठी वेगळा, कडक परवाना आहे. आपल्याकडे पैसे भरल्यावर नुसती पावती देऊ नका, गळ्यात अडकवायला पत्र्याचा बिल्लाही द्या. ज्याच्या गळ्यात बिल्ला, त्याच्यामागे एक नाव.

आता खरी कसोटी: ओट्याखालचा कुत्रा कुणाचा? इथे घाईने नियम केलात तर भूतदया दाखवणारी म्हातारी गुन्हेगार ठरेल. 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम पाळीव आणि रस्त्यावरचा असा भेद करतात. पाळीव कुत्र्याची लस आणि नसबंदी मालकाकडे, रस्त्यावरच्याला खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून द्यायच्या. भाकरी टाकली म्हणून कुणी मालक होत नाही, होऊही नये. माझ्या मते रेघ दुसरीकडे ओढावी. ज्याने कुत्रा बांधला, रात्री आवारात कोंडला, किंवा कारखान्याच्या, गोदामाच्या, दुकानाच्या राखणीला ठेवला, तो मालक. राखणीचा फायदा घ्यायचा आणि चावल्यावर हात झटकायचे, हे यंत्रमागवाल्यालाही नको आणि बंगलेवाल्यालाही नको. कारखान्याच्या परवान्यात राखणीच्या कुत्र्यांची एक ओळ घातली तर निम्मं काम तिथेच होईल. बागा बहुतेक निगमच्या हद्दीबाहेर आहेत. त्यांच्यासाठी कलेक्टर साहेबांनी पंचायतींना असंच सांगावं.

बाहेर नेताना पट्टा आणि साखळी हवीच, आणि साखळीचं दुसरं टोक ताकदवान मोठ्या माणसाच्या हाती. पन्नास किलोचा रॉटवायलर आणि सातवीतला मुलगा असं दृश्य राजघाटावर दिसलं तर कोण कुणाला फिरवतंय हे विचारावं लागतं. मुसकं सगळ्यांना लावू नका. ज्याला लावायचं त्याला जाळीचं लावायचं, कापडाचं घट्ट नव्हे. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर काढतो. बऱ्हाणपूरच्या मे महिन्यात तोंड आवळलेला कुत्रा तासाभरात कोसळेल, आणि निगमने नियमाने मारला असं होईल.

'धोकादायक' हा शिक्का जातीवर नको, त्या एका कुत्र्यावर हवा, आणि तोही सुनावणी घेऊन. कुणी चावल्याची तक्रार केली की सात दिवसांत पशुवैद्य, आरोग्य खात्याचा माणूस आणि प्रभागाचे पार्षद जागेवर जावेत. जन्म नियंत्रण नियमांत आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक देखरेख समिती सांगितलीच आहे, तिची मदत घेता येईल. पोराने दगड मारला होता का, कुत्री पिलांपाशी होती का, फाटक उघडं कुणी टाकलं, हे सगळं लिहून घ्यावं. विनाकारण चावला असं ठरलं तर शिक्का: नसबंदी सक्तीची, बाहेर मुसकं, आवाराला दोन फाटकं, शुल्क जास्त. कुत्रा विकला, दिला किंवा घर बदललं तर आठवड्यात निगमला कळवायचं. जखमीच्या उपचाराचा खर्च मालकाचा. मालकाला अपील करता यावं. एवढं झाल्यावरही दुसऱ्यांदा चावला, तर पोलिसांकडे कलम 291 खाली तक्रार निगमने स्वतः करावी. जखमी माणूस हा बहुधा शेजारी असतो, कधी भाडेकरू, कधी त्याच कारखान्यातला कामगार. त्याच्यावर तक्रारीचं ओझं टाकलं तर तक्रार होतच नाही.

बांधून ठेवण्याविषयी एक सांगायचं राहिलं. आपल्याकडे कुत्रा वाईट निघाला की साखळी आखूड करतात. दिवसभर हातभर साखळीला बांधलेला, कधी न फिरवलेला, पोरांनी खडे मारून चिडवलेला कुत्रा ज्या दिवशी सुटतो, त्या दिवशी काय करेल याचा अंदाज कुणालाही यावा. कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हासुद्धा 1960 च्या त्याच कायद्यात, कलम 11 मध्ये, क्रूरता म्हणून लिहिलेलं आहे. फार थोड्या मालकांना हे ठाऊक असेल. आठ आठवडेही न झालेलं पिल्लू विकायला 2017 च्या पैदास नियमांनी बंदी आहे. आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू भित्रं आणि चावरं होतं. तरी लोक जितकं लहान मिळेल तितकं घेतात, कारण ते गोंडस दिसतं. नोंदणीच्या अर्जावर 'पिल्लू कुठून, किती आठवड्यांचं घेतलं' एवढा एक रकाना घातलात, तरी विकणारे थोडे सावध होतील.

मोकाट कुत्र्यांचं मी टाळत नाही. 22 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने आधीचा आदेश बदलताना सांगितलं की नसबंदी आणि लस झालेले कुत्रे होते तिथे परत सोडायचे, रेबीज झालेले किंवा आक्रमक असतील ते सोडायचे नाहीत, खाऊ घालायच्या जागा ठरवायच्या. 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं आणि क्रीडासंकुलांच्या आवारातून ते हटवायला सांगितलं. आदेश सगळ्या राज्यांना आहेत, म्हणजे आपल्यालाही. पण आक्रमक कुठला हे ठरवायला कुणीतरी जागेवर जाऊन पाहणारं लागतं. ज्या पथकाने पाळीव कुत्र्याची सुनावणी घ्यायची, तेच इथेही चालेल. आणि ज्या दिवशी पाळीव कुत्र्यांच्या गळ्यात बिल्ला दिसेल, त्या दिवशी गाडी घेऊन निघालेल्या पथकाला बिनबिल्ल्याचा कुठला हे विचारत बसावं लागणार नाही. आजच्या गोंधळात पळून गेलेला पाळीवही मोकाट आणि पाळलेला मोकाटही पाळीव.

एक गोष्ट घाईने करू नका. मसुदा हिंदी, उर्दू आणि मराठी अशा तिन्ही भाषांत छापा, प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावा, महिनाभर हरकती-सूचना घ्या, मग परिषदेसमोर आणा. कर्नाटकात परिपत्रक कशावर कोसळलं ते वर आलंच आहे. याहून जुना दाखला मुंबईचा. 1832 मध्ये कंपनी सरकारने कुत्रे मारणाऱ्याला नगामागे आठ आणे बक्षीस लावलं. शिपाई बक्षिसासाठी घरातले कुत्रेही ओढून नेऊ लागले, आणि कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाने दुकानं बंद करून शहर ठप्प केलं. दंगल झाली. त्यानंतर कुत्रे मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याची पद्धत आली. आपल्या शहरात एका गल्लीत मंदिर, पुढच्या गल्लीत मशीद, पलीकडे बोहरी बांधवांची दर्ग्याला जाणारी वाट. कुणी भैरोबाचा म्हणून कुत्र्याला खाऊ घालतो, कुणी त्याची लाळ लागली तर भांडं पुन्हा पुन्हा धुतो. दोघांचंही आधी ऐकून घेतलं, तर नियम झाल्यावर दोघंही तो मोडायला निघणार नाहीत.

दंडाच्या रकमेवरून वाद होणार. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये भटक्या जनावरांच्या हल्ल्यांसाठी भरपाईचं माप ठरवलं होतं: दाताच्या एका खुणेला किमान दहा हजार, मांस निघालं असेल तर 0.2 सेंटीमीटरला किमान वीस हजार. तिथे भरपाई सरकारी तिजोरीतून द्यायची आहे. ज्याच्या कुत्र्याला नावनिशीवार मालक आहे, त्याच्या बाबतीत तिजोरीने का भरावं? आपल्या परिषदेने आकडा यापेक्षा खाली ठरवावा किंवा वर, तो आपला अधिकार. पण तो मसुद्यातच लिहावा, नंतर सोयीने नको.

शेवटी एक विनंती, रागावू नका. नोंदवही उघडाल त्या दिवशी पहिली पानं महापौर, आयुक्त आणि 48 पार्षदांसाठी राखून ठेवा. आपापल्या घरी, शेतावर, गोदामावर, कारखान्यावर जे जे कुत्रे बांधलेले असतील, त्यांची नावं, लसीची तारीख आणि बिल्ल्याचा क्रमांक आधी तिथे येऊ द्या. त्याची प्रत निगमच्या फलकावर लागली, की बाकीच्या शहराने रांगेत उभं राहायला काहीच हरकत असणार नाही. आमच्या गल्लीतर्फे मी येईन.

आपला,
बऱ्हाणपूरचा एक करदाता